जात्यापाशी बसून इतिहास कसा उतरवून घ्यावा

घराण्याचा इतिहास शोधताना आपण सनदा, वतनाचे कागद, सातबारे काढतो. त्यांत बायकांची नावं फारशी सापडत नाहीत. म्हणून बायकांच्या आठवणी आणि दळताना म्हटलेल्या ओव्या उतरवून घ्यायला आधी माजघरातलं नाहीतर परसातलं जातं गाठा. खानदेशात त्याला घरोटा म्हणतात.

जातं घासून धुऊ नका. कडेचे पिवळे-लाल डाग लग्नातल्या जात्याच्या पूजेचे असू शकतात. वरची तळी दोघांनी धरून सरळ वर उचला. तिरकी ओढली तर मधली खुंटी मोडते. खालच्या तळीवरचे टाके, म्हणजे छिन्नीने पाडलेल्या बारीक खाचा, बोटांनी चाचपा. ते गुळगुळीत झाले असतील, तर शेवटची टाकी लावल्यावर (टाके पुन्हा कोरल्यावर) बरंच दळण झालेलं आहे. कडेची जाडी चार ठिकाणी मोजून लिहा.

मग विचारा, टाकी लावायला कोण यायचं? हे काम करणाऱ्या टकारी समाजावर इंग्रजांच्या काळातल्या कायद्याखाली गुन्हेगार जमातीचा शिक्का बसला होता. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. त्यांचं येणं, मजुरी धान्यात की पैशांत, त्यांना ओट्यावर बसवत की अंगणातच थांबवत, हे सगळं टिपा. गावच्या कागदांत हे क्वचितच मिळतं.

आजींना “जुन्या ओव्या सांगा” म्हटलं की बहुतेक वेळा “आता कुठं आठवतंय” हेच ऐकू येतं. ओवी हाताच्या लयीवर येते. अर्धा किलो ज्वारी घेऊन बसा, खुंटा त्यांच्या हाती द्या, समोर त्यांची जाऊ किंवा शेजारीण बसवा. घास मुठीपेक्षा कमी घाला, नाहीतर भरड पडतं. रिकामं जातं फिरवू नका. दगडावर दगड घासून पिठात कच येते. फोन दोन हात लांब, घडी केलेल्या गोधडीवर ठेवा. जमिनीवर ठेवला तर घरघरीत शब्द बुडतात. तीच ओवी नंतर जातं थांबवून पुन्हा म्हणवून घ्या.

घरातले पुरुष मध्येच उत्तरं देऊ लागतात. त्यांना नम्रपणे सांगून दुपारची, कामं उरकल्यावरची वेळ धरा.

सन विचारू नका. “बहात्तरच्या दुष्काळाआधी की नंतर?”, “कोयनेचा भूकंप झाला तेव्हा लग्न झालं होतं का?” (तो 11 डिसेंबर 1967 चा) असं विचारलं की काळ पक्का होतो. गावात गिरण कधी आली, पायलीला काय घ्यायची, पहिल्यांदा दळण घेऊन कोण गेलं, हेही विचारा.

लिहिताना बोली सुधारू नका. ‘मह्या’चं ‘माझ्या’ केलं की गाव पुसलं जातं. ओवीतल्या सासुरवासाला गाणारीच्या सासूविरुद्धची साक्ष समजू नका. कित्येक ओव्या माहेराहून आलेल्या असतात, म्हणून ती कुणाकडून शिकली ते विचारा. ओव्यांचे अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्याही गाणारीच्या नावागावासह. तुमच्या वहीतही तिचं नाव, माहेर, सासर आणि तारीख हवीच. नाव छापायला तिची हरकत असेल तर ते वहीपुरतंच ठेवा आणि ध्वनिमुद्रणाची एक प्रत तिच्या लेकीसुनांना द्या.