दाताच्या मुळात चिकटद्रव्य किती घट्ट धरते? पुश-आउट चाचणी कशी करावी

दाताच्या वरच्या सपाट भागावर चिकटद्रव्य तपासणे त्या मानाने सोपे असते. मुळाच्या आत जागा अरुंद, ओलावा हटत नाही, प्रकाश खोलवर पोचत नाही आणि सिमेंट (पोस्ट, म्हणजे दाताला आधार म्हणून मुळात बसवलेली काडी, धरून ठेवणारा लेप) चारही बाजूंनी भिंतींना बांधलेले असल्यामुळे आकसताना त्याला मोकळीक मिळत नाही. ओढून तोडण्याच्या सूक्ष्म चाचणीत असे नमुने बरेचदा यंत्रावर चढवण्याआधीच तुटतात. म्हणून इथे पातळ चकतीतून पोस्ट ढकलून बाहेर काढण्याची पुश-आउट चाचणी जास्त भरवशाची ठरते.

काढलेले, एकच सरळ मूळ आणि एकच नलिका (मुळातली नसेची पोकळी) असलेले दात घ्या. ते ०.५ टक्के क्लोरामाइन-टी किंवा ०.१ टक्के थायमॉलमध्ये ४ अंश सेल्सिअसला ठेवा आणि ६ महिन्यांच्या आत वापरा. दात कधीच कोरडा पडू देऊ नका. वाळलेले डेंटिन (दाताचा आतला कठीण भाग) वेगळेच वागते.

मुकुट (दाताचा वरचा भाग) कापून मूळ १४ मिमी लांबीचे करा. टोकापासून १ मिमी अलीकडेपर्यंत नलिका घडवून सोडियम हायपोक्लोराइटने धुवा, १७ टक्के ईडीटीए (भिंतींवरचा चुरा विरघळवणारे द्रव) १ मिनिट ठेवा आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्याने भरपूर धुवा. हे शेवटचे धुणे टाळू नका. हायपोक्लोराइटमुळे डेंटिनमध्ये उरलेला ऑक्सिजन रेझिनला (चिकटद्रव्य आणि सिमेंटमधल्या प्लास्टिकसारख्या द्रव्याला) नीट घट्ट होऊ देत नाही, आणि मग दोष चिकटद्रव्याच्या माथी येतो. युजेनॉल (लवंगतेलातला घटक) असलेला सीलर, म्हणजे नलिकेतल्या फटी बुजवणारा लेपही नको, कारण युजेनॉलही रेझिनला घट्ट होऊ देत नाही. गटापर्चा (नलिका भरण्याचा रबरासारखा पदार्थ) रेझिन सीलरसह भरा, ३७ अंशांना दमट जागी ७ दिवस ठेवा आणि मग ९ मिमी खोल पोस्टची जागा करा. टोकाकडे ४ मिमी गटापर्चा राहिला पाहिजे. भिंतींवर गटापर्चाचे किंवा सीलरचे अवशेष नाहीत ना, हे भिंगाखाली पाहूनच पुढे जा.

चिकटद्रव्य उत्पादकाच्या सूचनेप्रमाणेच लावा. जास्तीचे द्रव पेपर पॉइंटने (कागदाच्या टोकदार काडीने) टिपा. तळाशी साचलेले थारोळे हे टोकाकडच्या कमकुवत आकड्यांचे नेहमीचे कारण आहे. एका बाटलीतले आम्लधर्मी चिकटद्रव्य आणि ड्युअल-क्युअर (प्रकाशाने आणि रसायनानेही घट्ट होणारे) सिमेंट ही जोडी जपून वापरा. प्रकाश न पोचलेल्या भागात ते आम्ल सिमेंट घट्ट होण्याला चालना देणाऱ्या त्यातल्या अमाइनला निकामी करते आणि सांधा मऊ राहतो. सिमेंट बारीक टोकाच्या नळीने तळापासून वर भरत आणा, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. पोस्ट बसवून प्रकाश द्या आणि नमुना ३७ अंशांच्या पाण्यात २४ तास ठेवा.

आता मूळ अॅक्रिलिकमध्ये उभे बसवा आणि पाणी सोडत, मंद गतीच्या डायमंड करवतीने पोस्टच्या अक्षाला काटकोनात १ मिमी जाडीच्या चकत्या करा. करवतीचे पातेच सुमारे ०.३ मिमी खाते, त्यामुळे ९ मिमीत साधारण ६ चकत्या मिळतात. प्रत्येक चकतीच्या टोकाकडच्या बाजूला लगेच शाईचा ठिपका द्या. नंतर बाजू ओळखता येत नाही. जाडी ०.०१ मिमीपर्यंत मोजा. जाड चकतीत घर्षणाचा वाटा वाढतो आणि आकडा फुगतो.

टोकाकडची, म्हणजे छोट्या व्यासाची बाजू वर ठेवून मुकुटाच्या दिशेने ढकला. उलट ढकलल्यास पोस्ट पाचरीसारखा रुततो. ढकलणाऱ्या दांड्याचा व्यास पोस्टच्या छोट्या बाजूच्या ८० ते ९० टक्के ठेवा. तो डेंटिनला टेकला तर मोजमाप बाद. खालच्या आधाराचे छिद्र सिमेंटच्या कडेपेक्षा किंचितच मोठे हवे, नाहीतर चकती वाकते. वेग मिनिटाला ०.५ मिमी.

क्षेत्रफळ काढताना दोन्ही त्रिज्यांची बेरीज घ्या. त्रिज्यांमधल्या फरकाचा वर्ग आणि जाडीचा वर्ग यांच्या बेरजेचे वर्गमूळ काढून त्याने त्रिज्यांच्या बेरजेला गुणा, आणि ३.१४ ने गुणा. त्रिज्या ०.७५ व ०.७० मिमी, जाडी १ मिमी असेल तर क्षेत्रफळ ४.५६ चौरस मिमी येते. ४५ न्यूटनला सांधा सुटला, तर ताकद (बल भागिले क्षेत्रफळ) ९.८७ मेगापास्कल.

मात्र सांधा सुटला कुठे, हे ४० पट मोठे करून पाहिल्याशिवाय हा आकडा लिहू नका. सिमेंट डेंटिनपासून सुटले असेल तर त्रिज्या नलिकेच्या भिंतीची घ्यावी लागते. पोस्टपासून सुटले असेल तर पोस्टची, आणि तेव्हा चिकटद्रव्याची डेंटिनवरची पकड मोजलीच गेलेली नसते, ती निदान तेवढी होती इतकेच कळते. मिश्र तुटणे वेगळे नोंदवा.

कापतानाच सुटलेल्या चकत्या गुपचूप वगळू नका. किती सुटल्या, कोणत्या भागातल्या आणि त्यांना शून्य धरले की नाही, ते लिहा. आणि एका दाताच्या ६ चकत्या म्हणजे ६ स्वतंत्र नमुने नव्हेत. सांख्यिकीत एकक दातच धरा, मुकुटाकडचा, मधला व टोकाकडचा भाग त्याच्या आत ठेवा.