ताप कितव्या दिवसाचा?

एमएस्सी सूक्ष्मजीवशास्त्र करून नांदेडहून पुण्यात एका लॅबमध्ये प्रोजेक्टवर लागले, तेव्हा आपल्याला इम्युनॉलॉजी, म्हणजे प्रतिकारशक्तीचं शास्त्र, येते असा माझा ठाम समज होता. विषाणूनं पछाडलेली पेशी टी पेशी (प्रतिकारशक्तीतली एक पांढरी पेशी) कशी ओळखते, डोहर्टी आणि झिंकरनागल या शास्त्रज्ञांनी उंदरांवर ते कसं दाखवलं, त्याला १९९६ चं नोबेल मिळालं, सगळं पाठ. पहिल्याच आठवड्यात लॅबमधल्या सिनियर ताईनं डेंगीच्या एका पेशंटचा केसपेपर माझ्यापुढे टाकला. "कितवा दिवस?"

"दोन दिवस झाले ॲडमिट होऊन."

"ॲडमिट कधी झाला ते नाही विचारलं गं. ताप कधी आला?"

केसपेपरवर ते नव्हतंच. फोन करून विचारायला आणखी अर्धा तास गेला, आणि तोवर नळीतलं रक्त टेबलावर तसंच.

या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांना मी आधी हेच सांगते. डेंगीत दिवस चुकला की बाकीचं सगळं चुकतं. एनएस१ हे विषाणूचं प्रथिन रक्तात पहिल्या दिवसापासून साधारण पाचव्यापर्यंत सापडतं, आयजीएम ही अँटिबॉडी (विषाणूविरुद्ध शरीर बनवतं ते प्रथिन) चौथ्या-पाचव्या दिवसापासून दिसायला लागते. ज्याला आधी एकदा डेंगी होऊन गेलाय त्याची आयजीजी ही दुसऱ्या जातीची अँटिबॉडी पहिल्याच आठवड्यात झपाट्यानं चढते. पण खरी गोम पुढे आहे. ज्यांची तब्येत बिघडते त्यांची बहुधा ताप उतरताना बिघडते, तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान. घरचे सुटकेचा श्वास टाकतात आणि नेमकं तेव्हाच रक्तवाहिन्यांतून प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, झिरपायला लागतो. रक्तातला विषाणू त्या वेळी कमी होत आलेला असतो. मग हे नुकसान करतंय कोण? संशय आपल्याच प्रतिकारशक्तीवर जातो, आणि आमचं सगळं काम त्या संशयाभोवती फिरतं.

डेंगीच्या विषाणूचे चार प्रकार. एकाच्या अँटिबॉडी दुसऱ्या प्रकाराला चिकटतात, पण त्याला निकामी करायला पुरत नाहीत. उलट त्या चिकटलेल्या अँटिबॉडीचं शेपूट धरून विषाणू मोनोसाइट या पांढऱ्या पेशीत आरामात शिरतो. हॅलस्टेड या संशोधकांनी १९६० च्या दशकात बँकॉकमधल्या मुलांच्या आजारावरून या दिशेनं विचार सुरू केला. पुढे २०१७ मध्ये निकाराग्वातल्या मुलांच्या मोठ्या अभ्यासात दिसलं, की अँटिबॉडी अगदी कमी असल्या किंवा भरपूर असल्या तर तितकं भय नाही. मधल्या एका पट्ट्यात धोका वाढतो. आपली प्रवेश परीक्षेची पुस्तकं हे दोन ओळींत उरकतात.

दिवस विचारायचा कसा, हे कुणी शिकवत नाही. "ताप कधीपासून?" असं विचारलं की उत्तर येतं, "झाले की चार-पाच दिस." त्यापेक्षा विचारा, "सोमवारच्या बाजाराला गेला होता का? तेव्हा अंग गरम होतं?" मग आई बोटांवर मोजून बरोबर सांगते. आणि एक कळीची गोष्ट: ताप आला तो दिवस शून्य धरायचा की एक, हे लॅबमध्ये आणि वॉर्डात एकच ठरलेलं हवं. आमच्याकडे तीन महिने दोन्ही चालू होतं. नंतर दीडशेच्या वर नमुन्यांची रजिस्टरं पुन्हा उघडावी लागली.

संमतीपत्राचंही तसंच. आमच्या छापील मराठी कागदावर 'प्रतिपिंड' (म्हणजे अँटिबॉडी) आणि 'परिघीय रक्तातील एककेंद्री पेशी' असं लिहिलेलं. ते वाचून माणूस सही करत नाही, घाबरतो. प्लेटलेट हा शब्द मात्र आता घराघरात पोहोचलाय, किवी आणि पपईच्या पानांच्या रसासकट. तिथून सुरुवात करा. पाच मिली म्हणजे एक चमचा, हेही सांगा. मूल सात वर्षांवरचं असेल तर आईबापांच्या सहीसोबत त्याचाही होकार लागतो, आणि बारा वर्षांच्या पुढे तो लेखी.

आता लॅबमधलं. रक्त सलाइन बफरमध्ये पातळ करायचं आणि फायकॉल नावाच्या जड द्रवावर अलगद सोडायचं. नळी तिरकी, पिपेटचं टोक काचेला टेकवलेलं, थेंब भिंतीवरून ओघळला पाहिजे. मग सेंट्रिफ्यूज, म्हणजे नळ्या गरगर फिरवणारं यंत्र: ४०० जी (गुरुत्वाकर्षणाच्या ४०० पट जोर), ३० मिनिटं, ब्रेक बंद. बाहेर काढल्यावर तळाशी लाल पेशी, वर पिवळसर प्लाझ्मा, आणि मध्ये फायकॉलच्या डोक्यावर दुधट, धूसर कडं. त्या कड्यात टी पेशी, बी पेशी, मोनोसाइट. तेवढं कडं पिपेटनं गोल गोल फिरवत उचलायचं.

एका संध्याकाळी माझ्याआधी कुणीतरी बॅक्टेरिया फिरवून गेलं होतं आणि ब्रेक चालू ठेवला होता. मी पडद्यावर फक्त वेग आणि वेळ बघितली. यंत्र झटक्यात थांबलं आणि कडं पार विस्कटलं, जणू सायीच्या पातेल्याला धक्का बसावा. नमुना अकरा वर्षांच्या एका मुलाचा होता. चौथा दिवस. दुसऱ्या दिवशी पुन्हा रक्त घेता आलं असतं, पण तो पाचवा दिवस झाला असता. आमचे सर ओरडले नाहीत. रजिस्टरमध्ये 'नमुना वाया, ब्रेक चालू' असं मला माझ्या अक्षरात लिहायला लावलं. अजून त्या यंत्राला हात लावला की आधी ब्रेकचं बटण बघते.

पेशी गोठवताना तापमान मिनिटाला एक अंश या बेतानं उतरवतात आणि मग द्रव नायट्रोजनमध्ये ठेवतात. वितळवताना मात्र घाई हवी. ट्रिपॅन ब्लू या रंगात निळ्या दिसतात त्या मेलेल्या. निळ्या जास्त असतील तर पुढचा प्रयोग करूच नका, प्रयोगासाठी विकत घ्याव्या लागणाऱ्या अँटिबॉडी फार महाग असतात. पेशी एकेक करून मोजणाऱ्या फ्लो सायटोमीटरवर बसायला सगळ्यांनाच आवडतं, रंगीत ठिपके दिसतात ना! डेंगीच्या काही पेशंटांत बी पेशींपैकी निम्म्याच्या आसपास प्लाझ्माब्लास्ट (अँटिबॉडी बनवायला लागलेल्या बी पेशी) दिसतात, ते पहिल्यांदा बघताना मी यंत्र बिघडलंय असं समजले होते. पण कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीच्या, नळ्या न लावता काढलेलं चित्र कितीही देखणं असो, त्यावर कुणी विश्वास ठेवू नये.

संशोधनाच्या फेलोशिपसाठीच्या परीक्षांचं थोडक्यात: सीएसआयआर-नेट, आयसीएमआरची जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप), डीबीटीची बीईटी. तिन्ही द्या. जेआरएफची रक्कम जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहे, घरभाडं वेगळं. ती दर महिन्याला येईल असं मात्र धरू नका. माझी एकदा पाच महिने अडकली होती आणि मेसवाल्या काकूंच्या वहीवर दिवस निघाले. विषाणूशास्त्रातच एमएस्सी करायची असेल तर पुण्यात एनआयव्हीचा, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेचा, अभ्यासक्रम बघा. ही संस्था १९५२ साली रॉकफेलर फाउंडेशनच्या मदतीनं सुरू झाली. माकडतापाचा विषाणू १९५७ मध्ये इथल्याच लोकांनी शोधला, आणि तो ताप आता आपल्या सिंधुदुर्गातही आहे.

कामाला लागण्याआधी हेपटायटिस बीचे तिन्ही डोस घ्या. शून्य, एक आणि सहा महिने असं वेळापत्रक आहे, म्हणजे लॅबमध्ये पोचल्यावर आठवण होऊन उपयोग नाही.

आणि इंटरव्ह्यूला गेलात की शेवटी "काही विचारायचंय का?" असं म्हणतात. तेव्हा फ्रीझरचं रजिस्टर बघायला मागा. कुठल्या डब्यात कुणाचा कितव्या दिवसाचा नमुना आहे हे कुणी दोन मिनिटांत काढून दाखवलं, तर तिथे जा. "ते सगळं अमुकच्या लॅपटॉपवर होतं, तो गेला सोडून" असं ऐकू आलं, तर चहा घ्या आणि निघा.