वर्षभर ऐकलेल्या इंडी गाण्यांची यादी कशी करावी

आवडत्या इंडी, म्हणजे बड्या संगीत-कंपन्यांबाहेरच्या स्वतंत्र गाण्यांची वार्षिक यादी करायला बसल्यावर बहुतेकांचा हात आधी गाणी ऐकण्याच्या ॲपने आयता दिलेल्या वर्षाच्या गोषवाऱ्याकडे जातो आणि यादी तिथेच फसते. ॲप मोजते ते वाजलेले गाणे. कामाच्या मागे नुसते चालू राहिलेले, झोपण्यापूर्वी सवयीने लावलेले आणि एका कडव्यासाठी मुद्दाम शोधून काढलेले गाणे त्याच्या लेखी सारखेच असते. आकडे उमेदवार गोळा करण्यापुरते वापरावेत आणि निवड पुन्हा ऐकूनच करावी, या एका गोष्टीवर पुढील सगळी पद्धत उभी आहे.

पहिला निर्णय वर्षाचा. या वर्षी ऐकलेली गाणी घ्यायची की या वर्षी प्रसिद्ध झालेली, हे आधी न ठरवल्यास अर्ध्या वाटेवर प्रत्येक गाण्यापाशी नवा वाद उभा राहतो. बीबीसी रेडिओ १ वर निवेदक जॉन पील यांनी १९७६ मध्ये श्रोत्यांच्या मतांवरून ‘फेस्टिव्ह फिफ्टी’ ही यादी सुरू केली, तेव्हा वर्षाची अट नव्हती; त्यामुळे तीच ती गाणी दरवर्षी परत येऊ लागली आणि १९८२ पासून यादी त्या त्या वर्षाच्या गाण्यांकडे वळवावी लागली. ऑस्ट्रेलियातील ‘ट्रिपल जे’ या रेडिओ केंद्राच्या ‘हॉटेस्ट हंड्रेड’ या यादीचेही तसेच झाले. तिथे १९८९ आणि १९९० अशी लागोपाठ दोन वर्षे एकच गाणे पहिले आले, आणि १९९३ पासून त्या वर्षातील गाण्यांनाच मत देण्याचा नियम झाला. मात्र ही अडचण हजारो श्रोत्यांच्या मतदानाची आहे. एकट्याच्या यादीसाठी मी ‘ऐकलेली’ हाच निकष सुचवीन, कारण इंडी गाणी जाहिरातीच्या जोरावर वेळेत पोहोचत नाहीत. ती कुणाच्या तरी सांगण्यावरून, दोन-तीन वर्षे उशिरा, अनेकदा त्या कलावंताचा पुढचा अल्बम आल्यावर कानावर पडतात. त्यांना केवळ तारखेमुळे बाहेर ठेवणे म्हणजे स्वतःच्या वर्षाची खोटी नोंद करणे होय. अट एवढीच घालावी की गाणे या वर्षीच पहिल्यांदा ऐकलेले असावे.

ज्यांना प्रसिद्धीचे वर्षच धरायचे आहे त्यांनी ॲपवर दिसणाऱ्या वर्षावर विसंबू नये. ते वर्ष पुष्कळदा पुनर्प्रकाशनाचे किंवा रीमास्टरचे, म्हणजे जुन्या मुद्रणाच्या सुधारित आवृत्तीचे असते. ‘म्युझिकब्रेन्झ’ किंवा ‘डिस्कॉग्स’ या ऑनलाइन माहिती-संग्रहांत मूळ तारीख पाहावी, आणि गाणे एका वर्षी सुटे व पुढील वर्षी अल्बममध्ये आले असेल तर कोणती तारीख धरायची ते एकदाच ठरवून सर्वत्र तसेच पाळावे. डिसेंबरात आलेली गाणी पुढील वर्षात ढकलली तरी कुणाचे काही बिघडत नाही.

इंडी कशाला म्हणायचे, हा दुसरा निर्णय. आवाजाच्या शैलीवरून ठरवायला गेल्यास शेवट लागत नाही. मालकीवरून ठरवणे सोपे आहे. ॲपवर अल्बमच्या पानाच्या तळाशी वर्तुळातील पी या चिन्हापुढे वर्ष आणि एक नाव छापलेले असते. ते ध्वनिमुद्रणाच्या हक्कदाराचे नाव. तिथे युनिव्हर्सल, सोनी किंवा वॉर्नर या बड्या कंपन्यांपैकी कुणी, अथवा त्यांच्या मालकीचे एखादे लेबल (गाणी प्रसिद्ध करणारी संस्था) असेल तर ते इंडी नाही, प्रश्न मिटला. कलावंताचे स्वतःचे नाव असले तरी ओळ पूर्ण वाचावी, कारण पुढे अमुक कंपनीला अनन्य परवाना दिल्याचा उल्लेख असू शकतो आणि ती कंपनी बड्यांपैकीच एक निघू शकते. वितरणाचा निकष लावणे मात्र आता अवघड झाले आहे. ब्रिटनमध्ये १९८० साली सुरू झालेल्या इंडी रेकॉर्डच्या विक्री-क्रमवारीत तोच निकष होता, बड्या कंपन्यांच्या जाळ्याबाहेरून विकली गेलेली रेकॉर्डच त्यात धरली जाई. पण २००९ मध्ये तिथेही लेबलच्या मालकीचा निकष आला. ‘द ऑर्चर्ड’ ही वितरण-संस्था सोनीची आणि ‘एडीए’ वॉर्नरची असल्यामुळे वितरणावर अडून बसल्यास छोट्या लेबलांची पुष्कळ चांगली गाणी हकनाक बाद होतील. बड्या लेबलवरचे, पण ऐकायला अगदी घरच्या घरी मुद्रित केल्यासारखे वाटणारे एखादे गाणे फार आवडले असेल तर त्याची वेगळी नोंद करावी. भिडेखातर त्याला या यादीत घेऊ नये.

आता उमेदवार. हे काम आकड्यांचे आहे, आणि आकडे कसे तयार होतात हे माहीत असल्याशिवाय ते वाचता येत नाहीत. स्पॉटिफाय गाणे तीस सेकंद वाजले की एक वेळ ऐकले असे धरते. ऐकलेल्या गाण्यांची नोंद ठेवणाऱ्या लास्ट.एफएमचा नियम अधिक कडक आहे: गाणे तीस सेकंदांपेक्षा मोठे असावे आणि निम्मे किंवा चार मिनिटे, यांपैकी जे आधी होईल तेवढे ते वाजलेले असावे. स्पॉटिफायचा वार्षिक गोषवारा वर्ष संपण्याआधीच हाती येतो, त्यामुळे वर्षाचे शेवटचे आठवडे त्यात नसतातच. त्यापेक्षा खात्याच्या गोपनीयता-विभागातून स्वतःच्या ऐकण्याचा इतिहास मागवावा. साध्या प्रतीत गेल्या वर्षभराची प्रत्येक नोंद कलावंत, गाणे, संपल्याची वेळ आणि वाजल्याचा कालावधी मिलिसेकंदांत अशी येते. विस्तृत प्रत यायला जास्त दिवस लागतात, पण तिच्यात गाणे कशामुळे सुरू झाले याचाही रकाना असतो. तिथे ‘क्लिकरो’ असेल तर तुम्ही ते गाणे स्वतः बोटाने निवडले होते, आणि ‘ट्रॅकडन’ असेल तर आधीचे संपल्यावर ते आपोआप आले होते. फाइल तक्त्यात उघडून केवळ स्वतः निवडलेल्या नोंदी वेगळ्या काढल्या, तर वर्षाचे चित्र कितीतरी बदलते. आपोआप चालणाऱ्या याद्यांनी वर आणलेली गाणी खाली बसतात आणि ज्यांची नावेही विसरायला झाली होती अशी गाणी वर येतात.

एवढ्यावरही आकडे निर्मळ होत नाहीत. वेळा मोजल्या तर दोन मिनिटांच्या गाण्याला फायदा मिळतो आणि मिनिटे मोजली तर आठ मिनिटांच्या गाण्याला. जानेवारीत सापडलेल्या गाण्याला साठण्यासाठी अख्खे वर्ष मिळते, नोव्हेंबरातल्याला जेमतेम काही आठवडे. माझ्या मते सर्वांत विश्वासाचा रकाना आपणच करायचा असतो: गाणे किती वेगवेगळ्या महिन्यांत वाजले. एका आठवड्यात चाळीस वेळा वाजून पुन्हा कधीच न लावलेल्या गाण्यापेक्षा मार्च, जून, ऑगस्ट आणि ऑक्टोबर या महिन्यांत एकेकदा शोधून ऐकलेले गाणे जास्त आवडते असण्याचा संभव मोठा. उशिरा सापडलेल्या गाण्यांना ही कसोटी लावता येत नाही, म्हणून ती विनाअट पुढच्या फेरीत घ्यावीत.

ॲपबाहेरचे ऐकणे या हिशेबात येत नाही. बँडकॅम्प या गाणी विकणाऱ्या संकेतस्थळावरील खरेदीची यादी, यूट्यूबचा इतिहास, मित्रांनी पाठवलेले दुवे आणि मैफलीत ऐकून नाव लिहून ठेवलेली गाणी हाताने जोडावीत. साठ ते ऐंशी नावे झाली की थांबावे.

निवडीचे खरे काम इथून सुरू होते आणि त्याला घाई चालत नाही. सगळी नावे एका सूचीत टाकून तिचा क्रम विस्कटावा, म्हणजे आकड्यांनी दिलेली प्रतवारी डोळ्यांसमोर राहणार नाही. ध्वनिपातळी समान करण्याची ॲपमधील सोय चालू ठेवावी, कारण दोन गाण्यांपैकी किंचित मोठ्याने वाजणारे गाणे कानाला उगीचच अधिक चांगले वाटते, आणि कमी साधनांत मुद्रित झालेली गाणी पुष्कळदा हळू आवाजाची असतात. याउलट एक गाणे दुसऱ्यात मिसळणारा क्रॉसफेड बंद ठेवावा; गाण्याचा शेवट हा गाण्याचाच भाग असतो. एका बैठकीत दहा-बारांहून अधिक गाणी ऐकू नयेत, आणि प्रत्येक गाणे शेवटपर्यंत ऐकावे. ऐकताना दुसरे काहीही करू नये. ही अट क्षुल्लक वाटते, पण अर्धी छाटणी तीच करते. वर्षभर पार्श्वभूमीला सुखद वाटलेले गाणे समोर बसून ऐकल्यावर पहिल्या मिनिटानंतर काहीच घडत नाही असे दिसते, आणि तसे दिसले की ते निमूटपणे काढून टाकावे.

छाटणीसाठी मी दोनच नियम मानतो. एका कलावंताचे एकच गाणे घ्यायचे. त्यामुळे एखाद्या आवडत्या अल्बममधली नेमकी कोणती जागा आपल्याला धरून ठेवते ते ठरवावे लागते. आणि यादीची मर्यादा संख्येपेक्षा वेळेत घालायची. नव्वद मिनिटांची कॅसेट हे माप अजूनही चांगले आहे: पंचेचाळीस मिनिटांच्या दोन बाजू, म्हणजे साधारण बावीस ते पंचवीस गाणी. सात मिनिटांचे गाणे आत येऊ पाहते तेव्हा दोन छोटी गाणी बाहेर जातात, आणि ते सात मिनिटांचे गाणे खरोखर तेवढ्या जागेचे आहे का हा प्रश्न आपोआप पुढे येतो. दोन गाण्यांत अडकायला झाले तर यांपैकी कोणते पुन्हा कधीच ऐकायला मिळाले नाही तर चालेल, असे विचारावे. उत्तर चटकन मिळते, फक्त ते मान्य करायला वेळ लागतो.

क्रमांक द्यावेत की नाही? पहिल्या तीन-चार गाण्यांना द्यावेत. सतरावे आणि अठरावे यांतील फरक कुणालाच सांगता येत नाही.

ऐकण्याचा क्रम ही मात्र निराळी आणि अधिक रंजक बाब आहे. सर्वांत आवडते गाणे सुरुवातीलाच ठेवल्यास पुढचे सगळे त्याच्या सावलीत जाते. त्याला पहिल्या बाजूच्या मध्यावर किंवा दुसऱ्या बाजूच्या आरंभी ठेवावे. दोन गाण्यांचा सांधा तपासताना पूर्ण गाणी ऐकण्याची गरज नसते. पहिल्याची शेवटची वीस सेकंदे आणि दुसऱ्याची पहिली वीस सेकंदे ऐकली की पुरते. समजा एक गाणे हळूहळू विरत संपते आणि पुढचे ड्रमच्या एका जोरकस ठोक्याने उघडते. तो ठोका विरणाऱ्या सुराच्या फार जवळ आला तर दचकायला होते, आणि विरण्यानंतर दीड-दोन सेकंदांची शांतता असेल तर तोच ठोका जागे करणारा वाटतो. मधली शांतता आपल्याला वाढवता येत नाही, म्हणून गाणे बदलावे. अकूस्टिक गिटार आणि एकच आवाज अशी तीन गाणी लागोपाठ आली तर तिसऱ्यावर अन्याय होतो, हे इंडी गाण्यांच्या बाबतीत विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे, कारण अशी गाणी यादीत पुष्कळ असतात.

प्रत्येक गाण्यापुढे दोन-तीन वाक्यांची टीप लिहावी. यादीचे मोल टिपांवरून ठरते, आणि बहुतेक टिपा ‘तरल’, ‘मनाला भिडणारे’, ‘जादुई’ अशा विशेषणांत वाहून जातात. ती विशेषणे कोणत्याही गाण्यापुढून उचलून दुसऱ्यापुढे ठेवली तरी चालतात. टीप त्या एका गाण्यालाच लागू पडली पाहिजे. त्यासाठी घड्याळाची मदत घ्यावी: ज्या क्षणी गाणे आवडले तो मिनिट-सेकंदात शोधून तिथे काय घडते ते लिहावे. उदाहरणार्थ, ‘अतिशय हळुवार आणि प्रामाणिक गाणे’ असे लिहिण्याऐवजी: ‘पहिली दोन कडवी फक्त गिटार आणि आवाज. २:१४ ला बेस येतो, पण ड्रम येतील असे वाटत असताना येत नाहीत, आणि गाणे त्याच ताणात संपते. शेवटच्या ओळीआधीचा श्वास मुद्रणात तसाच ठेवला आहे.’ एवढ्यावरून वाचणाऱ्याला गाणे लावावेसे वाटते आणि लावल्यावर काय ऐकायचे तेही कळते. चरित्र, पुरस्कार, कुणासारखे वाटते याची तुलना हे सगळे वगळावे. मुद्रण कुणी केले, वाद्ये कुणी वाजवली हे बँडकॅम्पच्या पानावर दिलेले असल्यास अवश्य लिहावे. छोट्या लेबलच्या गाण्यांत ही नावे अल्बमागून अल्बम परत दिसतात, आणि पुढच्या वर्षीचे ऐकणे पुष्कळदा त्यांच्याच मागाने जाते.

यादी ॲपमध्येच ठेवून निर्धास्त होऊ नये. अनेक स्वतंत्र कलावंत वार्षिक वर्गणी घेणाऱ्या वितरण-सेवांमार्फत गाणी चढवतात. वर्गणी थांबली तर गाणी उतरवली जाऊ शकतात, आणि मग यादीत एक करडी, न वाजणारी ओळ उरते. कलावंत, गाणे, अल्बम, लेबल, प्रसिद्धीचे वर्ष, पहिल्यांदा ऐकल्याचा महिना आणि टीप असे रकाने असलेली साधी फाइल स्वतःकडे ठेवावी. जी गाणी विकत मिळतात ती विकत घ्यावीत, कारण स्पॉटिफायच्या २०२४ पासूनच्या नियमानुसार मागील बारा महिन्यांत हजारांपेक्षा कमी वेळा वाजलेल्या गाण्याला ध्वनिमुद्रणाचे मानधनच मिळत नाही, आणि अशा यादीत तेवढीही न वाजलेली गाणी असणे मुळीच अशक्य नाही. बँडकॅम्प डिजिटल विक्रीवर साधारणतः पंधरा टक्के वाटा घेते, आणि २० मार्च २०२० पासून सुरू झालेल्या ‘बँडकॅम्प फ्रायडे’च्या दिवशी तोही सोडते, खरेदी त्या शुक्रवारपर्यंत थांबवून एकदम करता येते. उतरवून घेताना फ्लॅक हा मूळ दर्जा राखणारा फाइल-प्रकार निवडावा, त्यातून हवी तेव्हा लहान आकाराची प्रत काढता येते, पण लहान प्रतीतून मूळ दर्जा परत मिळत नाही. त्याच फाइलमध्ये नव्या वर्षासाठी एक कोरा तक्ता जोडावा आणि गाणे पहिल्यांदा आवडल्याच्या दिवशीच त्याचा महिना तिथे लिहावा, कारण ही माहिती ॲपकडून मागवलेल्या इतिहासात सापडत नाही.