टायमिंग लाइट हाती घेण्यापूर्वी

उमेदवारीच्या काळात टायमिंग लाइटचे (इंजिनात ठिणगी कोणत्या क्षणी पडते ते, म्हणजे टायमिंग, तपासण्याच्या दिव्याचे) बटण मी पहिल्यांदा दाबले, तेव्हा क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) टोकावर भरधाव फिरणारी पुली जागीच थबकल्यासारखी दिसली आणि तिच्यावरील खूण पाहून वाटले, एवढेच तर काम आहे! हा लाइट फक्त ठिणगी पडते त्या क्षणी लखलखतो. त्या क्षणाला इंजिनाची बाकीची स्थिती योग्य होती की नाही, हे तो सांगत नाही. माझी पहिली चूक नेमकी इथेच झाली.

ठरवून दिलेले टायमिंग आयडलवर (रेस न देता इंजिन चालू असताना) टीडीसीपूर्वी, म्हणजे पिस्टन अगदी वर पोहोचण्यापूर्वी, १० अंश असे होते, आणि मी डिस्ट्रिब्यूटर (प्लगांना पाळीपाळीने ठिणगी वाटणारा भाग) फिरवून खूण बरोबर १० वर आणली. दुसऱ्या दिवशी गाडी परत आली: चढावर ओढत नाही, इंजिन तापते. उस्तादांनी एवढेच विचारले, "आरपीएम (मिनिटाला फेरे) किती होते?" ते बाराशेच्या आसपास होते. त्या वेगाला डिस्ट्रिब्यूटरमधील, वेगाबरोबर ठिणगी आधी पाडणारी वजने उघडू लागली होती आणि १० अंशांतले काही अंश त्यांचेच होते. नंतर कोणीतरी आयडल उतरवला, वजने मिटली आणि ठिणगी तेवढी मागे पडली.

ही वजने मुळात असतात कशाला? मिश्रण पेटून दाब वाढायला थोडा अवधी लागतो, आणि ७५० आरपीएमला एका मिलिसेकंदात क्रँक साडेचार अंश फिरतो, तर ३००० ला तब्बल १८ अंश. म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी अधिक आधी पडावी लागते. हे एकदा उमगले की कामाचा क्रम पाठ करावा लागत नाही.

पॉइंटवाल्या डिस्ट्रिब्यूटरमध्ये पॉइंटचे (उघडताच ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांचे) अंतर फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) आधी लावावे, कारण अंतर वाढले की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे सरकते. हे अंतर नंतर लावल्यास आधीची सगळी मेहनत पाण्यात जाते. मग इंजिन पुरते गरम करावे, मॅन्युअलमध्ये सांगितले असेल तर डिस्ट्रिब्यूटरला जाणारी व्हॅक्यूमची (इंजिनाच्या ओढीची) नळी काढून तिचे तोंड बंद करावे (उघडे ठेवल्यास तिथून हवा ओढली जाते आणि आयडल बिघडतो), आणि त्यानंतरच आयडल नेमका करावा. पुलीवरची खूण इंजिन बंद असतानाच पुसून खडूने पांढरी करावी.

लाइटची क्लिप पहिल्या सिलिंडरच्या वायरवर लावतात. सिलिंडरांत १-३-४-२ या क्रमाने ठिणगी पडणाऱ्या इंजिनात मी ती एकदा तिसऱ्यावर लावली आणि खूण कुठेच सापडेना, कारण त्या क्षणी ती अर्धा फेरा दूर होती.

डिस्ट्रिब्यूटरचा बोल्ट जेमतेम ढिला करावा. रोटर (डिस्ट्रिब्यूटरच्या आत फिरणारा भाग) फिरतो त्याच्या उलट दिशेने बॉडी फिरवली की टायमिंग पुढे जाते, त्याच दिशेने फिरवली की मागे येते. डिस्ट्रिब्यूटर क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरत असल्याने बॉडी एक अंश हलली की क्रँकवर दोन अंशांचा फरक पडतो. म्हणून तळहाताची हलकी टिचकीही पुष्कळ होते. बोल्ट आवळताना बॉडी थोडी सरकतेच, तेव्हा आवळून झाल्यावर पुन्हा पाहावे. मग रेस हळूहळू वाढवावी. खूण सलग पुढे सरकली पाहिजे, ती अडली किंवा एकदम उडी मारू लागली तर वजने वा त्यांच्या स्प्रिंगा तपासाव्यात. आयडलवर खूण थरथरत असेल तर बहुधा डिस्ट्रिब्यूटरचा शाफ्ट किंवा टायमिंग चेन झिजलेली असते आणि तिथे कितीही टायमिंग लावले तरी उपयोग होत नाही.

या लाइटच्या उजेडात पुलीप्रमाणे पंखाही थांबल्यासारखा दिसू शकतो, म्हणून बाह्या आणि वायरी त्यापासून दूर ठेवाव्यात.

सगळे नियमाप्रमाणे करूनही इंजिन नॉक करत (आतून ठोके दिल्यासारखा आवाज करत) असेल, तर जुन्या इंजिनात मी पुलीवरच संशय घेतो. रबर बसवलेल्या पुलीची बाहेरची कडी घसरली की खूणच खोटी ठरते. मग पहिला प्लग काढून, पिस्टनचा खरा टीडीसी शोधून, नवी खूण करूनच पुढचे काम हाती घ्यावे लागते.