जुनं ब्रिटिश इंजिन मशीनिस्टकडे देताय? या चुका टाळा

डिकीत गोणपाटात गुंडाळलेला क्रँक (पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनचा मुख्य दांडा), मागच्या सीटवर सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनचं वरचं झाकण, आणि मालकाचा पहिला प्रश्न: 'चांगलं काम करून लवकर देणारा कोणी आहे का?' हे ऐकलं की मला पुढचं सगळं दिसायला लागतं. चांगलं काम करणाऱ्याकडे रांग असते. लवकर देणाऱ्याकडे रांग का नाही, हे विचारायला मात्र कोणी थांबत नाही.

इंजिनचे भाग कापून-घासून मापात आणणाऱ्या मशीनिस्टकडे काम देताना त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा बघून जीव तुटतो, म्हणून हे लिहितोय. जॅग्वारचं एक्सके इंजिन १९४८ साली आलं आणि १९९२ पर्यंत बनत राहिलं, त्यामुळे त्याचे भाग अजून सापडतात. बऱ्याच जुन्या इंजिनांचं तसं नाही. सिलिंडर ज्यात असतात त्या ब्लॉकमधून जास्तीचं लोखंड एकदा उतरवलं की ते परत चढत नाही.

मशीन बघून भुलणं

सिलिंडर आतून कापून मोठा करणारं चकचकीत बोअरिंग मशीन दिसलं की लोक खूश होतात. मी आधी मोजमापाची हत्यारं बघतो. मायक्रोमीटर पेटीत पुसून ठेवलेला आहे की धातूच्या किसाच्या ढिगात पडलाय? सिलिंडरचा आतला व्यास मोजणारा बोअर गेज आहे का? तो सेट कशावर करतात? मग मी एक साधी विनंती करतो: 'हा एक सिलिंडर माझ्यासमोर मोजून दाखवाल का?' जाणकार माणूस वर, मध्ये, खाली अशा तीन ठिकाणी आणि प्रत्येक ठिकाणी दोन आडव्या-उभ्या दिशांनी मोजतो, कारण सिलिंडर निमुळता झालाय की लंबगोल, हे त्याशिवाय कळत नाही. जो वरच्या कडेवर नख फिरवून 'वीस थाऊमध्ये निघेल' म्हणतो, त्याला मी नमस्कार करून निघतो. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. या कामात नखाला त्यातलं काही कळत नाही.

दुसरी खूण म्हणजे तो तुम्हाला किती प्रश्न विचारतो. पिस्टन कुठल्या बनावटीचे आहेत? याआधी कधी बोअर झालंय का? गाडी रोज चालणार की स्पर्धेत उतरणार? इंजिन का उघडलं? हे न विचारता जो 'ठेवून जा, होईल' म्हणतो, त्याच्याकडे ठेवून जाऊ नका.

क्रँक ग्राइंडिंगचं, म्हणजे क्रँकचे झिजलेले भाग घासून मापात आणण्याचं, काम बरेचजण बाहेर देतात. त्यात गैर काही नाही, पण कोणाकडे देतात ते विचारा आणि जमलं तर त्या माणसालाही भेटा. तुमचा क्रँक ज्याच्या हातात जाणार, तो तुम्हाला माहीत असायला हवा.

शिफारस घेतानाही नीट प्रश्न करा. 'इंजिन सुरू झालं' ही शिफारस होत नाही. वाईट जोडलेलं इंजिनही सुरू होतंच. तीन-चार वर्षं गाडी चालवलेला माणूस गाठा आणि इंजिन पूर्ण तापल्यावर ऑइल प्रेशर किती राहतं ते विचारा. एक्सके इंजिनात ३००० आरपीएमला, गरम असताना, दर चौरस इंचाला साधारण ४० पौंड मिळायला हवं. एमजी कार क्लब १९३० पासून आणि व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लब १९३४ पासून चालू आहे. अशा क्लबांमधल्या जुन्या सभासदांना कोणाचं काम टिकलं आणि कोणाचं नाही, हे तोंडपाठ असतं. जुन्या मोटरसायकली आणि ट्रॅक्टर जोडणाऱ्यांनाही विचारा. चांगला मशीनिस्ट बहुतेक वेळा त्यांच्याच ओळखीचा निघतो.

पिस्टन हातात नसताना ब्लॉक बोअरला देणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. नवखा माणूस म्हणतो, 'पिस्टन वाटेत आहेत, तोवर बोअर तरी उरकून घेऊ.' उरकण्याची ही सवय आधी सोडा.

ओळखीच्या एका गृहस्थांकडे एमजीबी गाडीचं १७९८ सीसीचं इंजिन होतं. मूळ बोअर ८०.२६ मिलिमीटर. सिलिंडर झिजले होते, म्हणून वीस थाऊ ओव्हरसाईजचे, म्हणजे मूळ मापापेक्षा तेवढे मोठे, पिस्टन मागवले आणि ते यायच्या आधीच ब्लॉक बोअर करून घेतला. मशीनिस्टच्या कारखान्यात कोणीतरी तक्ता बघून माप धरलं. पिस्टन आले ते वेगळ्या बनावटीचे, आणि त्यांना सिलिंडरच्या भिंतीपासून लागणारी फट तक्त्यातल्या फटीपेक्षा वेगळी. मी मोजायला बसलो तर दोन सिलिंडर सैल, एक आवळ, एक बरोबर. मशीनिस्टचं उत्तर होतं, 'गरम झाल्यावर सगळं बसतं.'

मी नको म्हणत होतो, पण पुढच्या महिन्यात रॅली होती. इंजिन जोडलं गेलं. थंड असताना दोन पिस्टन खडखडायचे आणि तेल उतरायचं ते वेगळंच. एका मोसमानंतर सगळं परत उघडलं, ब्लॉक चाळीस थाऊवर न्यावा लागला. ज्या ब्लॉकला बहुधा साठ थाऊपर्यंतच जाता येतं, त्याचे दोन टप्पे एका वर्षात संपले. त्या ब्लॉकची आठवण आली की मला आजही वाईट वाटतं.

माझी पद्धत ठरलेली आहे. चारही पिस्टन मी आधी स्कर्टवर, म्हणजे पिस्टनच्या खालच्या भागावर, बनवणाऱ्याने सांगितलेल्या ठिकाणी मोजतो आणि प्रत्येकावर सिलिंडरचा नंबर टाकतो. पिस्टनच्या डब्यातला फटीचा कागद ब्लॉकसोबत जातो. चांगला माणूस बोअरिंग शेवटच्या मापाच्या दोन-तीन थाऊ अलीकडे थांबवतो आणि बाकीचं होनिंगने, म्हणजे बारीक दगडांनी घासून, त्या त्या पिस्टनप्रमाणे काढतो. यासाठी वेळ लागतो. तो द्यायलाच हवा.

क्रँकच्या आत काय आहे हे न बघणं

हे माझ्या स्वतःच्या इंजिनाचं. जॅग्वार ३.४, सात मेन बेअरिंगचा भक्कम क्रँक, मेन जर्नलचा (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाचा) मूळ व्यास पावणेतीन इंच. जर्नलांवर ओरखडे होते, म्हणून दहा थाऊ अंडरसाईज, म्हणजे मूळ मापापेक्षा बारीक, ग्राइंड करून आणला. काम देखणं होतं. मापं मी स्वतः तपासली, सगळी बरोबर आली. बेअरिंग नवे, ऑइल पंप नवा.

काही शे किलोमीटरवर गरम असताना ऑइल प्रेशर उतरायला लागलं. संप (खालचं तेलाचं भांडं) काढला तर बिग एंडच्या, म्हणजे कनेक्टिंग रॉडच्या क्रँककडच्या टोकाच्या, बेअरिंगमध्ये राखाडी भुकटी रुतलेली आणि त्यातून तांबं दिसायला लागलेलं. या क्रँकच्या आत तेलातला गाळ साठण्याच्या पोकळ्या असतात आणि त्यांची तोंडं आट्यांच्या प्लगांनी बंद केलेली असतात. प्लग सुटू नयेत म्हणून त्यांच्या कडाही ठोकलेल्या असतात. ग्राइंडिंग करणाऱ्याने ते प्लग काढलेच नव्हते. कित्येक वर्षांचा घट्ट गाळ आत तसाच होता, त्यात ग्राइंडिंगची धूळ मिसळली आणि तेलाबरोबर थेट नव्या बेअरिंगमध्ये गेली.

मीही विचारलं नव्हतं. तेव्हापासून माझ्या कागदावरची पहिली ओळ असते: 'सर्व प्लग काढणे, आतून ब्रशने साफ करणे, परत बसवण्याआधी मला दाखवणे.' क्रँक घ्यायला गेलो की प्लग बाहेर काढून ठेवलेले मला टेबलावर दिसले पाहिजेत. ब्लॉकच्या ऑइल गॅलरीचे (तेलाच्या वाटांचे) प्लगही तसेच.

क्रँकबाबत आणखी दोन गोष्टी. ग्राइंडिंगच्या आधी चुंबकीय पद्धतीने तड्यांची तपासणी करून घ्या. तडा गेलेल्या क्रँकवर पुढचं सगळं काम वाया जातं. आणि जर्नल जिथे वेबला (दोन जर्नलांना जोडणाऱ्या जाड भागाला) मिळतो तिथली गोलाई ग्राइंडिंगनंतरही राहिली पाहिजे. कोपरा धारदार सुटला की ताण तिथेच साठतो आणि क्रँक तिथूनच तुटतो. 'रेडियस किती ठेवता?' हा प्रश्न विचारल्यावर माणूस गोंधळला, तर क्रँक परत गाडीत ठेवा.

'इंजिन ते इंजिनच' असं समजणं

ट्रकची इंजिनं उत्तम करणारा माणूस ब्रिटिश इंजिनही उत्तम करेलच असं नाही, कारण या इंजिनांच्या खोडी प्रत्येकाच्या निराळ्या. ट्रायम्फ टीआर२ ते टीआर४मध्ये वेट लायनर, म्हणजे बाहेरून थेट पाणी लागणाऱ्या सुट्या सिलिंडर-नळ्या, आहेत. लायनर ब्लॉकच्या माथ्यापेक्षा तीन ते पाच थाऊ वर राहावा लागतो, आणि ही उंची लायनरखालच्या आठाच्या आकाराच्या गॅस्केटवरही ठरते. हे माहीत नसलेला माणूस सगळं एका पातळीत सपाट करून देतो, आणि मग हेड गॅस्केट लायनरवर नीट दाबलं जात नाही. हेड काढलेलं असताना लायनर दाबून न धरता क्रँक फिरवला तर खालची सीलही हलते.

एमजी टीसीचं एक्सपीएजी इंजिन त्याहून फसवं. बोल्टच्या डोक्याला जुन्या ब्रिटिश व्हिटवर्थ मापाचा पाना लागतो, आटे मात्र मेट्रिक. मॉरिसच्या इंजिनांची परंपरा फ्रेंच हॉचकिसकडून आली, त्याचा हा वारसा. ८ मिलिमीटरच्या भोकात कोणी आटे पाडणारा पाच-सोळांश इंची यूएनएफचा टॅप घातला तर तो सुरुवातीला निमूट जातो आणि पुढे आटे खातो. मशीनिस्टकडे दिलेल्या प्रत्येक भागासोबत आट्यांची चिठ्ठी बांधा.

आणि एक्सकेचं अॅल्युमिनियम हेड. गाडी तापून ते वाकलं असेल तर कॅमशाफ्टच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) बैठकाही त्याच्यासोबत वाकलेल्या असतात. खालचा भाग नुसता फेस, म्हणजे घासून सपाट, केला की पट्टी लावून हेड सरळ दिसतं, पण वर कॅम अडकतो. हेड आधी सरळ करायचं, कॅम हाताने मोकळा फिरतोय का ते बघायचं आणि मगच अगदी कमीत कमी फेसिंग. ब्रिटनमध्ये शिसंयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री १ जानेवारी २००० पासून बंद झाली, तेव्हापासून 'व्हॉल्व्हच्या कडक सीट बसवून घ्या' हा सल्ला सगळीकडे मिळतो. एमजीबीसारख्या बिडाच्या हेडला एक्झॉस्टच्या बाजूने तो लागू आहे. एक्सकेच्या हेडमध्ये सीट मुळातच वेगळ्या बसवलेल्या असतात. दोन्ही हेडना एकच काम सुचवणाऱ्याने त्यांपैकी एक तरी पूर्वी उघडलेलं नाही.

थोडक्यात आणखी काही

मेन बेअरिंगच्या कॅप अदलाबदल करू नका. त्या आपापल्या जागी ब्लॉकसोबत बोअर झालेल्या असतात, काढतानाच नंबर ठोका.

जर्नलवर एमरी पेपर फिरवून 'चमकवणं' म्हणजे दुरुस्ती नव्हे.

बॅलन्सिंगला क्रँक एकटा पाठवू नका, सोबत फ्लायव्हील, क्लच कव्हर आणि पुढची पुलीही द्या.

तोंडी काही सांगू नका. कागदावर लिहा, दोन प्रती करा, एकीवर त्याची सही घ्या.

रोज फोन करून घाई लावू नका. घाई लावलेलं काम शिकाऊ पोराच्या हातात जातं.

मशीनिस्टने 'हा ब्लॉक आता पुढे बोअर होणार नाही, स्लीव्ह (सिलिंडरच्या आत बसवायच्या नळ्या) घालावे लागतील' असं सांगितलं तर दुसरा होकार देणारा शोधत फिरू नका. नाही म्हणू शकणारा माणूस जपून ठेवा.

आणि ब्लॉक घरी आला की लगेच जोडायला बसू नका. 'त्यांनी धुऊन दिलाय' यावर मी कधीही विसंबत नाही. होनिंगची बारीक कुरुंद रॉकेलने निघत नाही. गरम पाणी, साबण आणि ताठ ब्रश लागतो. प्रत्येक सिलिंडर घासायचा, कोरडा करायचा, तेलाचा हात लावलेलं पांढरं फडकं आत फिरवायचं. फडकं करडं निघालं तर पुन्हा पाणी तापवायचं. माझ्याकडे चौथ्या-पाचव्या फेरीला ते पांढरं येतं, आणि मग मी रिंगांचा डबा उघडतो.