ओक्स एम्सवर दहा मिनिटांचं भाषण कसं तयार करावं

बेळगाव-खानापूरच्या वाचनालयात किंवा निपाणी-चिकोडीकडच्या शाळेत परदेशी कारखानदार-पुढाऱ्यावर बोलायचं असेल, तर अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याचा ओक्स एम्स (१८०४–१८७३) घ्या. हजार-अकराशे शब्द पुरतात.

आधी वंशावळ कागदावर काढा. बाप ऑलिव्हर, धाकटा भाऊ ऑलिव्हर, मुलगाही ऑलिव्हर! युनियन पॅसिफिक रेल्वेचा अध्यक्ष झाला तो भाऊ. पुढं मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर झाला तो मुलगा. त्यामुळं दर वेळी नात्यासकट नाव घ्या.

धंदा दोन मिनिटांत उरका. बापाचा खोरी-फावडी बनवायचा कारखाना भावांनी वाढवला. कॅलिफोर्नियातलं सोनं, रेल्वेची कामं आणि यादवी युद्ध यांमुळं माल खपत राहिला. १८६३ ते १८७३ एम्स अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहात होता, रिपब्लिकन पक्षाकडून.

खरा वेळ क्रेदी मोबिलिए प्रकरणाला द्या. युनियन पॅसिफिकला सरकार मैलामागं १६,००० ते ४८,००० डॉलरचे कर्जरोखे देत होतं, सपाटीला कमी, डोंगराला जास्त. रेल्वेच्या बड्या भागधारकांनी (त्यांत एम्सही होता) बांधकामाचा ठेका क्रेदी मोबिलिए या आपल्याच दुसऱ्या कंपनीकडं वळवला. साखर कारखान्याच्या संचालकांनी ऊसवाहतूक स्वतःच्याच संस्थेला चढ्या दरानं द्यावी, तसं. आपल्याकडच्या श्रोत्यांना एवढं सांगितलं की पुरे. रोख्यांचे तक्ते दाखवू नका, लोक पेंगतात.

इथं दोन चुका हमखास होतात. एक, 'क्रेदी मोबिलिएचे शेअर फुकट वाटले' असं सांगणं. १८६७-६८ च्या सुमारास एम्सनं ते प्रतिनिधीगृहातल्या सोबतच्या सदस्यांना दर्शनी किमतीला विकले. बाजारातली किंमत त्याहून बरीच चढी होती आणि काहींचे पैसे तर लाभांशातूनच वळते झाले. लाच म्हणायची ती या फरकाला. दुसरी, 'हकालपट्टी झाली' हे वाक्य. चौकशी समितीनं शिफारस तशीच केली होती, पण फेब्रुवारी १८७३ च्या अखेरीस सभागृह निषेधाच्या ठरावावर थांबलं.

तारखांचा क्रमही सांभाळा. रेल्वे पुरी होऊन १८६९ मध्ये पलीकडून येणाऱ्या मार्गाशी जोडली गेली, बोभाटा १८७२ चा. भागीदार मॅकोम्बशी वाद झाला आणि त्याला लिहिलेली एम्सची पत्रं न्यूयॉर्कच्या 'सन' या वर्तमानपत्रात छापून आली. शेअर जिथं जास्त उपयोगी पडतील तिथं ठेवतोय, असा त्यांतला मजकूर होता. तो सावकाश वाचा; भाषण तिथंच रंगतं.

निषेधानंतर मे महिन्यात एम्स वारला. १८८३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळानं त्याच्या बाजूनं ठराव केला. हा ठराव टिपणात लिहून ठेवा, प्रश्नोत्तरांत 'मग तो दोषी की निर्दोष?' असं कुणीतरी विचारतंच.