परदेशातील डोंगरवाटा आणि व्हीगन दांपत्याची शिदोरी

सातारा-सांगलीकडे दूध-तूप वर्ज्य करूनही पोटभर जेवता येते, कारण भाकरी, उसळ, झुणका आणि शेंगदाण्याची चटणी हे आपले रोजचेच जेवण आहे. व्हीगन, म्हणजे दूध, अंडी, मध असे कोणतेच प्राणिजन्य पदार्थ न खाणाऱ्या-वापरणाऱ्या दांपत्याने परदेशातील पदभ्रमंतीसाठी देश निवडताना हीच कसोटी लावावी. डोंगराची छायाचित्रे पाहून देश ठरवण्याऐवजी तेथील सामान्य माणसे रोज काय खातात, हे पाहून ठरवला, तर दोघांचीही निम्मी काळजी घरीच मिटते.

पहिल्या प्रवासासाठी आम्ही नेपाळच सुचवू. भारतीयांना व्हिसा लागत नाही आणि ४,१३० मीटर उंचीवरील अन्नपूर्णा बेस कॅम्पपर्यंतच्या लॉजमध्ये डाळ-भात, पालेभाजी आणि बटाटा मिळतो. मात्र डाळीला तुपाची फोडणी असू शकते, त्यामुळे पान वाढल्यावर नव्हे, तर जेवण सांगतानाच ‘हामी दूध, दही, घिउ, अण्डा र मह खाँदैनौँ’ असे सांगावे. यातला ‘मह’ म्हणजे मध. साधारण ३,००० मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. दोघांपैकी एकाचे डोके दुखू लागले, तर दुसऱ्याने उत्साह आवरून तेथेच थांबावे, आणि त्रास वाढल्यास दोघांनीही खाली उतरावे.

जॉर्जियातील स्वानेती भागात मेस्तियाहून उश्गुलीला जाणारी वाट दुसऱ्या प्रवासासाठी चांगली. तेथील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांच्या उपवासाच्या जेवणात मांस, दूध आणि अंडी नसतात. म्हणून यजमानांकडे ‘सामार्ख्वो’ जेवण मागावे. उपवासात कधी मासे चालतात, तेवढे विचारून घ्यावे. घेवड्याच्या दाण्यांचे ‘लोबिओ’ आणि अक्रोड घालून केलेल्या भाज्या यांवर दिवसभराची चाल निभावते.

आल्प्स मात्र कठीण आहे. फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड या तीन देशांतून जाणाऱ्या सुमारे १७० किलोमीटरच्या मों ब्लां पर्वताच्या परिक्रमेत डोंगरावरील निवाऱ्यांत रात्रीचे जेवण बहुधा सर्वांना एकच असते, आणि शाकाहारी म्हटले की पानात चीज येण्याचा संभव असतो. म्हणून आरक्षण करतानाच दूध, लोणी, चीज आणि अंडी चालत नाहीत असे लेखी कळवावे आणि पोहोचण्याच्या आदल्या दिवशी पुन्हा आठवण द्यावी. युरोपीय संघातील वेष्टनबंद पदार्थांच्या घटकयादीत दूध आणि अंडी ठळक छापणे कायद्याने बंधनकारक आहे. मध आणि प्राण्यांपासून मिळणारे जिलेटिन यांना तो नियम लागू नाही, त्यामुळे यादी संपूर्ण वाचावी. या तिन्ही देशांना चालणाऱ्या शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो; तो घेताना किती उंचीपर्यंतची पदभ्रमंती त्यात धरली आहे, हेही पाहावे.

शिदोरी अशी असावी, की नुसते गरम पाणी मिळाले तरी जेवण व्हावे. सातूचे पीठ आणि गूळ, साध्या भातावर घालायला मेतकूट, तासगावचे बेदाणे आणि तूप न घालता वळलेले शेंगदाणा-गुळाचे लाडू एवढे पुरेसे होते. चटणीचे शेंगदाणे मंद आचेवर खरपूस भाजून, साले पाखडून, तिखट, जिरे आणि मीठ घालून खलबत्त्यात तेल सुटेपर्यंत कुटावेत; लसूण वगळली तर चटणी अधिक टिकते, आणि तेल झिरपते म्हणून ती दुहेरी पिशवीत भरावी. उकडलेल्या बटाट्यावर किंवा कोरड्या पावावर ही चटणी घातली की जेवणाला चव येते आणि प्रथिनेही मिळतात. निरोपाला आलेली मंडळी प्रेमाने कंदी पेढे देऊ लागली, तर युरोपीय संघात प्रवाशांना बाहेरून दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, हे त्यांना समजावून सांगावे. न्यूझीलंडला जाताना प्रत्येक खाद्यपदार्थ आणि वापरलेले बूट जाहीर करावे लागतात; त्यासाठी बुटांच्या तळाची माती घरीच ब्रशने घासून काढावी. बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतिजन्य अन्नातून खात्रीने मिळत नसल्याने त्याच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने दोघांनीही घ्याव्यात.

विमानातील जेवणासाठी ‘व्हीजीएमएल’ (व्हीगन जेवणाचा संकेत) हा पर्याय आधीच नोंदवावा. ‘एव्हीएमएल’ या भारतीय शाकाहारी जेवणात दूध-दही असू शकते. स्लीपिंग बॅग पिसांऐवजी कृत्रिम तंतूंची घ्यावी. ती थोडी जड असली तरी ओली झाल्यावरही बऱ्यापैकी ऊब देते.

हे सगळे सामान पाठीवर घेऊन निघण्यापूर्वी अजिंक्यताऱ्याची चढण आणि यवतेश्वरमार्गे कासपर्यंतची वाट दोघांनी चालून पाहावी, आणि वाटेत तीच शिदोरी खावी. ओझे वाटून घेताना एकाकडे सारे अन्न आणि दुसऱ्याकडे सारे कपडे अशी विभागणी करू नये. धुक्यात किंवा वेगवेगळ्या चालीमुळे अंतर पडू शकते, म्हणून एक दिवसाचे खाणे, पाणी आणि त्या देशाच्या भाषेत आहार लिहिलेला कागद प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवावा.